जाडीला तडा गेला कसा?

१

जाडी मोडलेली निघाली ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शुक्रवारची दुपार होती. आखाती देशातल्या झल्लाकच्या त्या खासगी नेमबाजी क्लबात अरबाब, म्हणजे मालक, स्वतः खुर्ची टाकून बसले होते. शेजारी मॅनेजर सदानंद कारखानीस, पलीकडे बंदुका विकणारा मयुरेश. मुनाफ परकारने आपलं कपाट उघडलं, जाडी टेबलावर आणली आणि नेहमीसारखा तिचा सिलिंडर बाहेर पाडला. सिलिंडर म्हणजे गोळ्या बसवायचं ते फिरतं डबडं. त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता.

जाडी हे एका रिव्हॉल्व्हरचं नाव. बारसं मुनाफनेच केलेलं. क्लबाची जुनी रिव्हॉल्व्हरं खिळखिळी झाली, तेव्हा अरबाब म्हणाले होते की आता दणकट वस्तू घ्या, चव्वेचाळीस कॅलिबरचा मार सोसेल आणि समुद्राची खारी हवाही सोसेल अशी. निवड मुनाफवर सोपवली, कारण क्लबाच्या सगळ्या हत्यारांची देखभाल तोच करायचा. तीन कंपन्यांचे नमुने आले. काळी दिसायला देखणी, पण पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यावर गंजाचे ठिपके उठले आणि पुढे तिचा सिलिंडर नळीसमोर नेमका येऊन थांबेना. हलकी हाताला बरी, पण चव्वेचाळीसचे दणके खाऊन तिचे स्क्रू सैल झाले. जाडी अंगाने बोजड, स्टेनलेसची, फ्रेम एकसंध, वरची पट्टी चांगली रुंद. तिला मुनाफने महिनोन् महिने झोडपलं आणि तिने हूं की चूं केलं नाही.

शुक्रवारी जाडीच्या नावावर शिक्का बसायचा होता. त्याऐवजी सदानंदरावांनी ती मुनाफच्या हातातून काढून घेतली, पिशवीत घालून तोंड सील केलं आणि अरबाबांना म्हणाले, हिच्यात गोळी भरून ती तुमच्या हातात दिली असती तर आज तुमचा पंजा गेला असता. अरबाबांचा चेहरा पांढरा पडला. ते एकच शब्द बोलले.

"खलास."

म्हणजे मुनाफची नोकरी खलास, व्हिसा खलास. आणि बापाचा व्हिसा गेला की बायकोपोरांचाही जातो. मुनाफची मुलगी अदीबा इथल्याच शाळेत बारावीला होती आणि बोर्डाची परीक्षा काही महिन्यांवर आली होती.

२

मी लीना टिपणीस. पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर, इथे विमा कंपनीसाठी सर्व्हेअर. काही मोडलं, जळलं, फुटलं की मला बोलावतात आणि ते कसं मोडलं हे मी सांगते. माझा नवरा राजन म्हणतो की ही लग्नात माझ्याकडे बघत होती तेव्हाही नुकसानभरपाईचाच अंदाज घेत होती. बोलू दे बापडा. बँकेत दिवसभर हो-हो करून आलेल्या माणसाला घरी थोडं बोलायला मिळालं पाहिजे.

नमुने क्लबाच्या विम्यात होते, म्हणून रविवारी सकाळी मी झल्लाकला पोचले. सदानंदराव आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, राजनचे पत्त्यांच्या डावातले जोडीदार. त्यांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला, वहिनी वहिनी करून चकल्या पुढे केल्या. माणूस मोठा टापटिपीचा. दसऱ्याला महिना होत आला तरी प्रिंटरवरचं सुकलेलं झेंडूचं फूल त्यांनी श्रद्धेने ठेवलं होतं, आणि मागच्या तिजोरीच्या दारावर हळदकुंकवाची बोटं तशीच होती. मी विचारलं की तिजोरीत काय असतं. ते म्हणाले, प्रत्येक कंपनीने नमुन्यांची जोडी पाठवली होती. एक मुनाफने झोडपायची, दुसरी कोरी ठेवायची, शेवटी दोन्ही शेजारी ठेवून झीज बघायची. कोरी तिन्ही इथे माझ्या ताब्यात आहेत, एकही गोळी न झाडलेली, जशीच्या तशी परत जाणार.

"वहिनी, फार खोलात शिरू नका," ते गोड आवाजात म्हणाले. "कारागिराची चूक एवढं लिहा. मुनाफ वाईट नाही हो, पण माणूस थकतो."

मला कोणी खोलात शिरू नका म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडेच वळतात. आईसुद्धा हेच म्हणून कपाळ बडवायची.

मुनाफ बाहेर बाकावर बसला होता. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, दाढी पिकलेली, हात मात्र तरण्या माणसाचे. मी नाव सांगितलं तर उठून उभाच राहिला. मी त्याला बसवलं आणि बाकी काही न विचारता जाडीबद्दल विचारलं. हत्याराच्या माणसाला हत्याराबद्दल विचारावं, तो खरं बोलतो. त्याने सांगितलं की रोज नेमबाजी झाली की तो तिन्ही रिव्हॉल्व्हरं ब्रशाने आणि सॉल्व्हंटने आतून-बाहेरून स्वच्छ करायचा, एक खाच सोडायचा नाही. फक्त सिलिंडरच्या तोंडावर प्रत्येक भोकाभोवती जळकं काळं कडं पडतं, ते तो घासत नसे. ते निघायचं तर पोलादही घासलं जातं, आणि मग झीज खरी कळत नाही.

"गुरुवारी कपाटात ठेवली तेव्हा नीट होती?" मी विचारलं.

"ताई, माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. नीट होती." मग त्याचा आवाज खाली गेला. "माझं काय, मी गावाला जाऊन होडी दुरुस्त करीन. पण अदीबाचं वरीस जाईल. ती घरात रडत पण नाय. नुस्ती पुस्तक धरून बसलीय, पान उलटत नाय."

मी त्याला कसलंही वचन दिलं नाही, कारण अजून मी काहीच पाहिलं नव्हतं.

३

पिशवीचं सील मी सदानंदराव आणि कमाल यांच्यासमोर फोडलं. कमाल मुकादम हा मुनाफच्या हाताखालचा, रायगडकडचा, तिशीतला. शुक्रवारपासून मुनाफच्या चाव्या त्याच्याकडे आल्या होत्या आणि त्या खिशात टोचत असल्यासारखा तो सारखा चुळबुळत होता.

मी भिंग लावलं. तडा लांबलचक होता, पण त्याच्या फटीत काजळीचा कण नव्हता. गोळी झाडताना पोलाद फाटलं तर बारूदाचा धूर त्या फटीत घुसतो आणि बसतो. इथे फट आरशासारखी लखलखीत. म्हणजे जाडी गोळीने फाटलीच नव्हती. कोणीतरी तिला बारूदाशिवाय, शांतपणे, शिकंज्यात धरून मोडलं होतं. सिलिंडर सगळाच चकचकीत होता, तोंडसुद्धा. मुनाफच्या हाताची सफाई म्हणून मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. इथे मी चुकले होते, पण ते पुढे.

मग दिसला डाग. सिलिंडरच्या बाहेरच्या एका खाचेत, अगदी कोपऱ्यात, पिवळा. कमाल म्हणाला जुनं ग्रीस असेल. सदानंदराव म्हणाले गंज असेल. मी पर्समधून कापसाचा बोळा काढला, डाग टिपून घेतला आणि केबिनच्या बेसिनवरचा साबण ओला करून त्यावर चोळला. पिवळ्याचं क्षणात लाल झालं. ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी वरणाचा डाग साबणाने धुतलाय, तिला हे कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय कळतं.

"हळद," मी म्हणाले.

सदानंदरावांनी एक श्वास गेला न गेला तोच मान हलवली. म्हणाले, घ्या, म्हणजे उलगडलंच. मुनाफ डबा कामाच्या टेबलावरच खातो, रोजचं माशाचं कालवण, कमालला विचारा. कमालने खाली बघत हो म्हटलं. शिकंज्यात चुकीची धरली असणार, तडा गेला असणार, घाबरून तशीच कपाटात ठेवली असणार, आणि जेवल्या हाताचा डाग राहिला असणार.

सगळं कसं चपखल बसलं. मी गेले होते मुनाफला सोडवायला, आणि माझ्याच साबणाने त्याच्या गळ्यातला फास आवळला गेला होता.

४

तरी एक गोष्ट घशाखाली उतरेना. ज्या जाडीसाठी मुनाफ उन्हातान्हात महिने झिजला, तिला तो शिकंज्यात चुकीची धरेल? आमच्या स्वयंपाकघरात मी कोणाला माझ्या तव्याला हात लावू देत नाही. जाडी तर त्याच्या हातचं हत्यार.

कमालला मी आवाराबाहेर गाठलं. आधी तो मफी मफी, म्हणजे नाही नाही, करत राहिला, मला काही ठाऊक नाही म्हणून. मी म्हटलं, मुनाफच्या जागेवर बसायला तू टपलायस असं लोक म्हणतात. त्याचे डोळे भरले. म्हणाला, मुनाफचाचाने त्याला काम शिकवलं, लग्नात वडिलांच्या जागी उभा राहिला. शुक्रवारी कपाट बंद होतं हे त्याने स्वतः ओढून पाहिलं होतं. मग दोघं एकाच गाडीने जुम्म्याच्या नमाजाला गेले, एकत्रच परत आले, आणि चाव्या सगळा वेळ मुनाफच्या खिशात होत्या. त्या वेळात क्लबात फक्त सदानंदराव आणि मयुरेश होते. पण मॅनेजरसाहेब तर मयुरेशसोबत केबिनमध्येच बसले होते म्हणे.

मयुरेश संध्याकाळी अदलियाच्या एका कॅफेत भेटला. ठाण्याचा, परफ्यूम मारलेला, बोलण्यात इंग्रजीची फोडणी. काळी त्याच्या कंपनीची. ट्रायलमध्ये काळी हरली होती, तरी त्याच्या कपाळावर आठी नव्हती. मी विचारलं, जाडी मोडल्याचा आनंद झाला असेल. तो हसला.

"मॅडम, मला काय फरक पडतो? ट्रायल वगैरे नावाला असतं."

शुक्रवारचं विचारलं तर म्हणाला, सदानंदसरांनी बिर्याणी मागवून दिली आणि ते फोनवर बोलायला बाहेर गेले. बराच वेळ गेले हो, बिर्याणी संपून वर कॉफीही झाली. कपाटाची चावी त्याच्याजवळ असायचं कारणच नव्हतं. मॅनेजरकडे मात्र सगळ्या कपाटांच्या चाव्यांचा जुडगा असतो.

म्हणजे मुनाफ आणि कमाल मशिदीत, मयुरेशजवळ चावी नाही. उरलं कोण हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण नुसतं उरलं म्हणून अरबाब मानणार होते थोडेच? आणि एक प्रश्न तर पहाडासारखा उभा होता. मुनाफ-कमाल नमाजाला गेले तेवढ्या वेळात, आवाज न करता, असलं जाड पोलाद मोडायचं कसं? शिकंजा कामाच्या खोलीत, खोली केबिनच्या खिडकीसमोर, आणि खिडकीत मयुरेश बिर्याणी खात बसलेला.

५

जनाबियाला घरी निघाले. सिग्नलला उभी होते, मावळतीचं ऊन थेट स्टिअरिंगवर पडलं होतं. वैतागून मी स्टिअरिंगवर थाप मारली आणि नजर तिथेच खिळली. मधल्या शिवणीत पिवळी रेघ होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, राजनने गाडीची पूजा केली होती. मी ओरडले होते, जरा जपून लाव, शिवणीतली हळद निघत नाही. लॅपटॉप, गाडी, माझी भिंगं, इतकंच काय मिक्सरसुद्धा त्याने सोडला नव्हता. आपली माणसं जगाच्या पाठीवर कुठेही गेली तरी नवमीला हत्यारांना हळदकुंकू लावल्याशिवाय राहत नाहीत.

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी बाजूला घेऊन थांबले आणि मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. मुनाफ रोज खाचाखाचा सॉल्व्हंटने धुणारा. त्याच्या जाडीच्या खाचेत हळद टिकेल कशी? सिलिंडरच्या तोंडावरची जळकी कडी तो घासत नसे, मग ते तोंड इतकं चकचकीत कसं? माझ्या हातात होता तो सिलिंडर कधी गोळी न पाहिलेला होता. तो जाडीचा नव्हताच मुळी.

घरी राजनला सांगितलं तर त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, लीना, सदानंद आपला माणूस आहे, मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तुझा अंदाज चुकला तर?

"आणि मुनाफ कोणाचा माणूस आहे?" मी विचारलं.

राजनने ताट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाला, उद्या बँकेत रजा टाकतो, गाडी मी चालवतो. तर असा माझा नवरा. उगाच नाही इतकी वर्षं सांभाळला.

६

दुसऱ्या दिवशी मी अरबाबांना गाठलं आणि एकच विनंती केली की सगळ्यांना केबिनमध्ये बोलवा, मुनाफलाही. ते नाराजीने आले. मुनाफ दाराशी उभा राहिला, मी त्याला खुर्ची द्यायला लावली. मयुरेशही आला होता, घड्याळ बघत.

मी म्हटलं, विम्यात लिहिलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघायचा मला हक्क आहे, तिजोरी उघडा. सदानंदराव हसले. चावी घरी राहिली म्हणाले. मग म्हणाले, कोऱ्या वस्तूंना हात लागला तर कंपनी परत घेणार नाही. मग म्हणाले, वहिनी, तुम्ही विनाकारण वाढवताय. तीन वाक्यांत तीन कारणं. अरबाबांनी ती मोजली असावीत. त्यांनी सदानंदरावांच्या पट्ट्याला लटकलेल्या जुडग्याकडे बोट केलं.

"यल्ला. खोल."

तिजोरी उघडली. आतून जाडीची जुळी बहीण निघाली, एकही गोळी न झाडलेली म्हणून ठेवलेली. मी तिचा सिलिंडर बाहेर पाडला आणि तोंड अरबाबांकडे केलं. सहा भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती जळकं काळं कडं.

मुनाफ खुर्चीतून उठला. इतका वेळ खाली असलेली त्याची मान वर आली. "हा माझ्या जाडीचा हाय," तो म्हणाला.

सदानंदराव घाईने म्हणाले, कंपनीनेच वापरलेला माल पाठवला असेल, फसवतात हो हे लोक. मी वाद घातला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मुनाफला सांगितलं, दोन्ही सिलिंडर काढ. एका स्क्रूचं काम. त्याने तिजोरीतला सिलिंडर पिशवीतल्या, मोडक्या म्हटलेल्या जाडीच्या फ्रेमला बसवला. खट्ट करून बसला. अरबाबांनी स्वतः अंगठ्याने हलवून पाहिलं, केसभर हलेना. फ्रेमवरच्या वरच्या पट्टीखाली आगीने कोरलेली जुनी चीर नेमकी त्या जळक्या कड्यांसमोर आली. आणि जुळ्या बहिणीची पट्टी? कोरी करकरीत. जिच्या सिलिंडरने हजारो गोळ्या झाडल्या, तिच्या फ्रेमला धगसुद्धा लागली नव्हती.

"नंबर फ्रेमवर असतो, या सिलिंडरवर नाही," मी अरबाबांना हिंदीत समजावलं. "म्हणून अदलाबदल कळणार नाही असं यांना वाटलं. तिजोरीतला कोरा सिलिंडर यांनी आधीच बाहेर नेऊन कुठल्यातरी गॅरेजमध्ये निवांत मोडून आणला. मुनाफ नमाजाला गेला तेव्हा फक्त एक स्क्रू फिरवायचा होता. चांगला सिलिंडर टाकून देता येईना, कारण नमुना पूर्ण परत जायला हवा. आणि कोऱ्या वस्तूचं तोंड कोण उघडून बघतो?"

अरबाबांनी विचारलं, पण तू तिजोरीपर्यंत पोचलीस कशी?

मी मोडका सिलिंडर उचलला आणि खाचेतला पिवळा कोपरा दाखवला. सांगितलं, आम्ही हिंदू लोक वर्षातून एकदा आपल्या हत्यारांची पूजा करतो. सदानंदराव भाविक आहेत. नवमीला त्यांनी प्रिंटरला हळद लावली, तिजोरीला लावली, आणि तिजोरीत चव्वेचाळीसचं कोरं हत्यार असताना ते पूजेशिवाय कसं राहील? मुनाफच्या हातातली जाडी रोज धुतली जायची. ज्या हत्याराला हळद लागली आणि मग कोणी धुतलं नाही, ते फक्त इथे होतं.

सदानंदरावांची नजर तिजोरीच्या दारावरच्या त्या बोटांवर होती.

का केलं, हे मयुरेशनेच सांगून टाकलं, आणि तेही निरागसपणे. अरबाबांनी त्याला विचारलं की तुझा यात काय संबंध. तो दचकून म्हणाला, सर, माझा काहीच नाही, काळीची ऑर्डर तर सदानंदसरांनी उन्हाळ्यातच सही करून दिली, माल बोटीवर आहे, उतरेल आता.

ट्रायल संपायच्या आधीच, अरबाबांना न विचारता, सदानंदरावांनी आपल्या अक्कलहुशारीने काळी मागवून ठेवली होती. त्यांना वाटलं होतं की निकाल तोच लागेल. पण जाडी मोडायलाच तयार नव्हती. ती जिंकली असती तर त्यांचा आगाऊपणा उघडा पडून त्यांचीच नोकरी गेली असती. म्हणून मग वड्याचं तेल वांग्यावर.

"वहिनी, मुनाफला कुठेही काम मिळालं असतं," ते पुटपुटले. "गुणी माणूस आहे."

"त्याच्या मुलीला बारावीचं वर्ष कुठे मिळालं असतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. राजन कोपऱ्यात उभा होता. त्याने आपल्या पत्त्यांच्या जोडीदाराकडे पाहिलं आणि मान फिरवली.

७

अरबाबांनी सदानंदरावांकडून चाव्यांचा जुडगा मागून घेतला आणि त्यांना बाहेर जायला सांगितलं. मयुरेशला सांगितलं की बोट उलटी फिरव, नाही तर काळ्या घेऊन समुद्रात पोहायला जा. मग जाडी उचलून त्यांनी दोन्ही हातांनी मुनाफसमोर धरली. अरब माणूस शब्दाने माफी मागत नाही असं मला इथल्या जुन्या लोकांनी सांगितलं होतं. साफ खोटं निघालं. "सामेहनी," ते म्हणाले, मला माफ कर. आणि मग हिंदीत, कमाललाही ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा एकदा.

आम्ही सगळे नेमबाजीच्या पट्टीवर गेलो. कानांवर टोपणं चढवली. मुनाफने फटी, खाचा, कुलूप, सगळं आधी सावकाश तपासलं. कोणी घाई केली नाही. मग त्याने सहा गोळ्या भरल्या, पाय रोवले आणि एकामागून एक झाडल्या. प्रत्येक दणका माझ्या छातीत घुमत होता आणि कमाल टाळ्या वाजवत होता. कागदावरच्या काळ्या वर्तुळात सहाही भोकं जवळजवळ होती. जाडीचा सिलिंडर गरम, जागच्या जागी, केसभरही न हललेला.

"क्लबाला हीच घ्यायची," अरबाब म्हणाले. "जेवढ्या लागतील तेवढ्या, आणि मुनाफ म्हणेल तेव्हाच. ज्याने निवडली तोच सांभाळेल."

राजनने तर मुनाफला मिठीच मारली. माझ्याशी लग्न झालं तेव्हाही तो इतका हलला नव्हता. मी चष्मा पुसत उभी राहिले. डोळ्यांत बारूदाचा धूर गेला म्हणायची सोय होती, पण कशाला खोटं बोलू? मी रडत होते आणि मनातून उड्या मारत होते.

मुनाफने फोन लावला. घरी झोहरा, त्याची बायको, नव्हती, अदीबाने उचलला. त्याला बोलताच येईना, म्हणून त्याने स्पीकर लावून फोन माझ्यापुढे केला. मी मान हलवली. हे त्याचं त्यानेच सांगायला हवं होतं.

"अब्बा? व्हॉट हॅपन्ड? से समथिंग." पोरीचा आवाज बारीक झाला होता. "अब्बा, आर वी गोइंग?"

मुनाफने मनगटाने डोळे पुसले आणि पट्टीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"नाय गो बाय. कुठं नाय जायाचं आपल्याला. तू पान उलट."